परमुलखातील मुक्काम

मराठी माणूस घर सोडून बाहेर पडत नाही, अशी एक समजूत आपल्यांत रूढ आहे. ती किती पोकळ आहे हे पाहावयाचे असेल, तर इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद किंवा तंजावर येथील जुन्या वस्त्यांतून एक फेरी मारावी. कोणी फौजेबरोबर गेला, कोणी फडणिशीसाठी गेला, कोणी भिक्षुकीसाठी, तर कोणी शाळामास्तर म्हणून. आणि जो जेथे गेला तो तेथलाच होऊन राहिला. त्याने तेथे वाडे बांधले, देवळे उभारली, शाळा आणि ग्रंथालये चालविली. हैदराबादेत १९०७ साली निघालेली विवेकवर्धिनी ही संस्था याची साक्ष देते. घरात मराठी आणि बाजारात हिंदी, गुजराती किंवा उर्दू, असा व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालला. परंतु ‘आपण येथले नाही’ असे या माणसांना कधी वाटले नाही.

याचे कारण केवळ भावनेत नव्हते. वर्षांमागून वर्षे गेली तशी मुळे धरत गेली, आणि मुळांबरोबर हक्कही आले. हैदराबाद संस्थानातील ‘मुलकी’ आणि ‘गैरमुलकी’ हा भेद तेथल्या जुन्या मंडळींना चांगला ठाऊक आहे. संस्थानातील नोकऱ्या मुलकी लोकांनाच मिळाव्यात असा १९१९ सालचा नियम होता, आणि त्यावरून तंटेही पुष्कळ झाले. तथापि त्या नियमातसुद्धा एक दार उघडे ठेवलेले होते. ज्याने पंधरा वर्षे संस्थानात कायम वास्तव्य केले आणि मूळ गावी परत जाण्याचा विचार सोडून दिल्याचे प्रतिज्ञेवर सांगितले, तो गैरमुलकी मनुष्य मुलकी ठरत असे. म्हणजे काळाला तेथे काही किंमत होती. राहिलेले प्रत्येक वर्ष मनुष्याच्या खात्यावर जमा होत होते.

आज आपल्या लोकांची जी नवी मुलूखगिरी चालू आहे तिच्यात नेमकी हीच गोष्ट नाही. गोवे, रत्नागिरी, हैदराबाद, आणि अलीकडे बेळगावकडूनही, माणसे आखाती देशांत नोकरीसाठी जातात. परदेशवासाचे तोटे म्हटले की आपण एकदम घरची ओढ, सणावारी येणारा एकाकीपणा, जेवणाखाण्याची आबाळ यांविषयी बोलू लागतो. ती दुःखे खरी आहेत; पण ती सोसता येतात आणि माणसे ती सोसतातही. मला आज ज्या उणिवेविषयी बोलावयाचे आहे ती याहून खोल आहे. आखातात मुक्काम कितीही लांबला तरी त्याचे वास्तव्य होत नाही. तेथे पैसा साठतो, पण हक्क साठत नाहीत.

प्रथम थोडा इतिहास पाहू. तेलाच्या शोधानंतर, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासूनच गोव्याची माणसे इराणातील आबादान, तसेच बहारीन आणि पुढे कुवेत येथील तेलकंपन्यांत कारकून, स्वयंपाकी आणि यंत्रकामगार म्हणून जाऊ लागली होती. त्या काळी आखाताच्या किनाऱ्यावर आपला रुपयाच चलन म्हणून चालत असे. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने त्या प्रदेशासाठी निराळ्या रंगाच्या नोटाही काढल्या होत्या. कुवेतने १९६१ मध्ये, बहारीनने १९६५ मध्ये, तर कतार आणि सध्याची संयुक्त अमिराती यांनी १९६६ मध्ये रुपयाचा निरोप घेतला. १९७३ नंतर तेलाचे भाव कडाडले, वाळवंटात नवी नगरे उठू लागली, आणि जाणाऱ्यांचा ओघ वाढला. आज आखाताच्या सहा देशांत मिळून सुमारे नव्वद लाख भारतीय आहेत. अमिरातीत तर दर दहा रहिवाशांत जेमतेम एक तेथला नागरिक, आणि बाकीचे सगळे बाहेरचे.

या मिळकतीने आपल्याकडे काय काय झाले, हे नाकारण्याचे कारण नाही. पगारावर प्राप्तिकर नाही, त्यामुळे शिल्लक उरते. तिच्यातून घरांवर स्लॅब पडले, बहिणींची लग्ने झाली, सावकारी कर्जे फिटली, आणि धाकट्या भावंडांची शिक्षणे झाली. जाणारा मनुष्य मूर्ख नसतो. हिशेब करूनच तो जातो. माझे म्हणणे एवढेच, की त्या हिशेबाच्या वहीत जमेची बाजू ठळक शाईने लिहिली जाते आणि खर्चाची बाजू बहुधा कोरीच राहते.

या खर्चाचे मूळ तेथल्या एका जुन्या पद्धतीत आहे. तिला ‘कफाला’ म्हणतात. ‘कफील’ म्हणजे जामीन राहणारा. परदेशी मनुष्य देशात येतो तो कोणा एका स्थानिक मालकाच्या जामिनावर. ही कल्पना मुळात वाईट नव्हती. परक्याची कोणीतरी जबाबदारी घ्यावी, असा तिचा आशय. परंतु आधुनिक नोकरीला ती जोडली गेली तेव्हा एक विलक्षण अवस्था निर्माण झाली. मनुष्याची नोकरी, त्याचा राहण्याचा परवाना, त्याच्या घराचा भाडेकरार, बायकोमुलांचे तेथील राहणे आणि मुलांची शाळा हे सर्व एकाच दोरीला टांगले गेले, आणि त्या दोरीचे टोक मालकाच्या हाती राहिले. आपल्याकडे नोकरी गेली तर पगार जातो. तेथे नोकरी गेली की पायाखालची जमीन जाते.

अलीकडच्या वर्षांत या पद्धतीत सुधारणा झाल्या आहेत, हेही सांगितले पाहिजे. मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा बहारीनने २००९ साली प्रथम दिली. कतारने देश सोडण्यासाठी लागणारा मालकाचा परवाना २०१८ पासून बहुतेक कामगारांना माफ केला आणि २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी लागणारे ना-हरकत पत्रही रद्द केले. सौदी अरबस्तानने २०२१ च्या मार्चपासून अशाच सवलती दिल्या. मात्र त्या जाहीर झाल्या तेव्हा घरकाम, शेतकाम आणि खासगी मोटारी चालविणारे लोक त्यांतून वगळलेले होते. अमिरातीत नोकरी सुटल्यावर नवी शोधण्यासाठी पूर्वी सामान्यतः तीस दिवसांचीच मुदत मिळे, ती २०२२ च्या सुधारणेने अनेकांसाठी वाढली. आणि २०२३ च्या जानेवारीपासून तेथे बेकारीचा सक्तीचा विमाही सुरू झाला. या सुधारणांनी दोरी लांब झाली, तिचा काच कमी झाला. परंतु ती सुटलेली नाही. राहण्याचा हक्क अजूनही कोणत्या ना कोणत्या परवान्यावर अवलंबून आहे, आणि सर्वसाधारण नोकरदाराचा परवाना दोन-तीन वर्षांनी नव्याने काढावा लागतो. विसाव्या वर्षी आलेला मनुष्य पन्नासाव्या वर्षीही कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ तेवढाच नवखा असतो.

नागरिकत्वाचा मार्ग कागदावर नाही असे नाही. अमिरातीच्या १९७२ च्या कायद्यात तीस वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. कतारच्या २००५ च्या कायद्यात पंचवीस वर्षांची. परंतु अट पुरी झाली म्हणजे नागरिकत्व मिळतेच असे नाही. ते राज्यकर्त्यांच्या मर्जीवर आहे, आणि सामान्य नोकरदाराला ते क्वचितच लाभते. अमिरातीने २०१९ पासून दहा वर्षांचा ‘गोल्डन व्हिसा’ सुरू केला. पण तो धनिक, संशोधक, डॉक्टर, वरिष्ठ पगारदार अशा निवडक वर्गांसाठी आहे. गवंडी, चालक, दुकानातील कारकून, रुग्णालयातील मदतनीस यांना त्याचा उपयोग नाही.

या अवस्थेचा खरा आघात म्हातारपणी कळतो. आखाती देशांतील निवृत्तिवेतन तेथील नागरिकांसाठी असते. परदेशी नोकरदाराला सेवासमाप्तीच्या वेळी एकरकमी उपदान मिळते. अमिरातीच्या कायद्याचे गणित असे: पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे एकवीस दिवसांचा पगार, पुढे दर वर्षामागे तीस दिवसांचा, आणि एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगाराहून अधिक नाही. ऐकावयास हे वाईट वाटत नाही. पण येथे ‘पगार’ म्हणजे मूळ पगार. घरभाडे, प्रवास वगैरे भत्ते त्यात धरत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. एखाद्याला दरमहा ५,००० दिऱ्हम मिळतात. पण करारात मूळ पगार २,००० आणि बाकीचे ३,००० भत्ते म्हणून लिहिलेले आहेत. त्याने वीस वर्षे नोकरी केली. पहिल्या पाच वर्षांचे १०५ दिवस आणि पुढील पंधरा वर्षांचे ४५० दिवस, असे ५५५ दिवस झाले. म्हणजे साडेअठरा महिने. २,००० च्या हिशेबाने त्याला ३७,००० दिऱ्हम मिळतील. ज्या पगारावर तो प्रत्यक्षात जगत होता त्याच्या मानाने ही रक्कम साडेसात महिन्यांचीही भरत नाही. वीस वर्षांच्या सेवेनंतर साडेसात महिने! त्यानंतरचे सारे आयुष्य त्याने आधी किती मागे टाकले असेल त्यावर काढावयाचे. आणि जे मागे टाकले ते बहुधा घराच्या भिंतींत, लग्नांत आणि दागिन्यांत गेलेले असते. दरमहा हातात येणारे असे त्यातले थोडेच असते.

आता एका देशातील नोकरीची वर्षे दुसऱ्या देशाच्या निवृत्तिवेतनात धरली जावीत यासाठी सरकारांमध्ये सामाजिक सुरक्षेचे करार होतात. भारताचे असे करार जर्मनी, फ्रान्स, जपान इत्यादी देशांशी आहेत. आपली सर्वांत मोठी वस्ती ज्या आखातात आहे तेथील देशांशी मात्र ते नाहीत. आणि परदेशी कामगाराला जेथे निवृत्तिवेतनच नाही तेथे करार तरी कशाचा करणार, अशी ही अडचण आहे.

वय वाढणे हाच तेथे एक धोका ठरू शकतो. कुवेतमध्ये साठ वर्षांवरील आणि विद्यापीठाची पदवी नसलेल्या परदेशीयांच्या परवान्यांच्या नूतनीकरणावर २०२१ पासून बंधने आली. पुढे ती शिथिल झाली, तरी दरम्यान तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे तेथे काढलेल्या माणसांना आपण कोठे जावे हा प्रश्न पडला होता. असा प्रश्न पंधरा वर्षांच्या मुलकीला पडला नसता.

कुटुंबाची गोष्ट याहून नाजूक आहे. बायकोमुलांना नेण्यासाठी ठराविक पगाराची किंवा हुद्द्याची अट असते. म्हणून बहुसंख्य कामगार एकटेच राहतात आणि वर्षा-दोन वर्षांनी महिनाभरासाठी घरी येतात. मुलाच्या बालपणातील महिने मोजले तर कित्येक बापांच्या वाट्याला दोन आकडीसुद्धा संख्या येत नाही. ज्यांना कुटुंब नेता येते त्यांचेही सुख परवान्याइतकेच टिकाऊ असते. सौदी अरबस्तानने २०१७ च्या जुलैपासून परदेशीयांवर अवलंबून असणाऱ्या प्रत्येक माणसामागे दरमहा १०० रियाल कर बसविला, आणि दर वर्षी वाढवीत २०२० च्या जुलैत तो ४०० वर नेला. बायको आणि तीन मुले असलेल्या मनुष्यास दरमहा १,६०० रियाल, तेही पगार न वाढता! हैदराबादेतील कित्येक घरांत त्या वर्षांत सुना-नातवंडे अचानक परत आली आणि कमावता मुलगा तिकडे एका खोलीत चार-पाच जणांबरोबर राहू लागला.

परत आलेल्या या मुलांपुढे निराळीच अडचण उभी राहते. वैद्यकीय किंवा तत्सम शिक्षणासाठी राज्याच्या वाट्याच्या ज्या जागा असतात त्यांना स्थानिकतेची अट असते. तेलंगणात बारावीपर्यंतची सलग चार वर्षे राज्यात शिकलेला विद्यार्थी स्थानिक मानला जातो. महाराष्ट्रात अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा राज्यातून झालेल्या असाव्या लागतात. आखातातील भारतीय कामगारांच्या मुलांसाठी राष्ट्रीय तंत्रशास्त्र संस्थांत काही जागा ठेवलेल्या आहेत हे खरे; पण त्या थोड्या, आणि इच्छुक फार. म्हणजे जो मुलगा दुबईत वा रियाधमध्ये जन्मला, वाढला, तो तेथला कधीच नव्हता. आणि आता आपल्याच राज्यात त्याला बाहेरचा ठरविले जाते. बापाला एका ठिकाणी गैरमुलकी म्हणून राहावे लागले. मुलाला दोन्ही ठिकाणी.

संकटकाळी तर या अधांतरी जीवनाची कसोटीच लागते. १९९० च्या २ ऑगस्टला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. बँका बंद पडल्या, ठेवी अडकल्या आणि हातांतल्या नोटांना बाहेर कोणी विचारीना. सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीय होते-नव्हते ते टाकून निघाले. त्यांतील बहुतेक वाळवंट ओलांडून जॉर्डनच्या अम्मान शहरी पोचले, आणि एअर इंडियाने जवळपास दोन महिने विमानांच्या फेऱ्या करून त्यांना मुंबईस आणले. संयुक्त राष्ट्रांनी १९९१ साली नुकसानभरपाईचे मंडळ नेमले आणि अनेकांना पुढे रकमाही मिळाल्या. पण त्या हाती येईपर्यंत वर्षे लोटली होती. २०२० च्या महासाथीत पुन्हा तेच चित्र दिसले. ७ मेपासून ‘वंदे भारत’ योजनेची विमाने सुरू झाली, आणि थकलेला पगार व उपदान तसेच सोडून हजारो कामगार परतले. कोठल्या न्यायालयात दाद मागावी? देश सोडला की परवाना संपतो, आणि परवाना संपल्यावर दूरवरून दावा चालविणे गरिबाच्या आवाक्यातले नसते.

इकडे मायदेशातही त्याचे स्थान थोडे सैल झालेले असते. २०१० च्या दुरुस्तीने अनिवासी भारतीयाला मतदारयादीत नाव नोंदविता येते; पण मत देण्यासाठी त्याने पारपत्र घेऊन स्वतः मतदानकेंद्रावर हजर राहिले पाहिजे. एका मतासाठी विमानाचे तिकीट कोण काढणार? परकीय चलनाच्या कायद्याने त्याला अनिवासी असेपर्यंत शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने मात्र मिळू शकते. ज्या शेतकऱ्याच्या मुलाने गहाण पडलेल्या शेताला जोडून आणखी दोन बिघे घ्यावेत म्हणून घर सोडले, त्याला हा नियम बहुधा पैसे जमल्यावरच कळतो.

मग जाऊच नये काय? असे कोणी म्हणणार नाही. ज्याच्या घरी पोटाचा प्रश्न आहे त्याला घरबसल्या उपदेश करणे सोपे असते. पण जाताना हे ओळखून जावे, की आपण वस्ती करावयास निघालो नसून मुक्कामाला निघालो आहो. आणि मुक्कामाचे नियम वस्तीच्या नियमांहून वेगळे असतात.

ते नियम थोडक्यात असे. जाण्यापूर्वी, १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली नोंदणी झालेल्या भरती-दलालामार्फतच जावे आणि कराराची प्रत घरी ठेवून जावे. करारात एकूण पगार किती हे सर्वजण पाहतात. मूळ पगार किती लिहिला आहे हे पाहणारा विरळा. उपदानाचे सारे गणित तेथे ठरते, म्हणून वाटाघाट करावयाची ती त्या आकड्यावर करावी. दहावी न झालेल्या कामगारांना सक्तीचा असलेला प्रवासी भारतीय विमा दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपयांत मिळतो. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास त्यात दहा लाख रुपयांची तरतूद आहे. इतक्या थोड्या पैशांचा हा विमा नूतनीकरणाच्या वेळी चुकवू नये. पारपत्र मालकाने काढून घेणे बहुतेक आखाती देशांत कायद्याने मना आहे, हेही ठाऊक असावे.

तेथे गेल्यावर, आपले निवृत्तिवेतन आपणच उभारावयाचे आहे हे पहिल्या पगारापासून ध्यानात ठेवावे. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना अनिवासी भारतीयांनाही खुली आहे. घरावर दुसरा मजला चढविण्यापूर्वी दरमहा काही रक्कम तिच्यासारख्या ठिकाणी पडू लागली, तर पन्नाशीनंतर मुलांपुढे हात पसरावा लागणार नाही. मूल तिकडे जन्मले तर वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत त्याच्या जन्माची नोंद करावी. २००४ च्या डिसेंबरपासून परदेशात जन्मलेल्या मुलाच्या भारतीय नागरिकत्वासाठी ती आवश्यक आहे. मुलांना परत आणावयाचे असेल तर बारावीनंतर नव्हे, आठवी झाल्यावरच आणावे, म्हणजे स्थानिकतेची वर्षे पुरी होतात. आणि परतीचे वर्ष आधी ठरवावे. ‘आणखी दोन वर्षे’ या तीन शब्दांनी आखातात जितकी आयुष्ये खर्ची पडली तितकी दुसऱ्या कशाने क्वचितच पडली असतील.

काही गोष्टी मात्र एकट्या मनुष्याच्या हातच्या नाहीत. बहारीनने २०२४ च्या मार्चपासून अशी व्यवस्था केली, की मालकाने उपदानाची रक्कम दरमहा सरकारी निधीत भरावी. मालक बुडाला तरी कामगाराचे उपदान बुडू नये. हीच व्यवस्था इतर देशांतही व्हावी यासाठी आपल्या सरकारने वाटाघाटींत आग्रह धरावयास हवा. अनिवासी मतदाराला तेथूनच मत देता आले, तर त्याचे प्रश्न निवडणुकीच्या भाषणांत तरी येतील. आणि परतलेल्या कामगारांच्या मुलांना स्थानिकतेच्या नियमांत थोडी सवलत देणे राज्यांना अशक्य नाही.

घरच्या मंडळींचेही एक कर्तव्य आहे. दरमहा येणाऱ्या रकमेचा त्यांनी हिशेब ठेवावा, आणि पाठविणाऱ्याच्या नावाने तिच्यातला एक भाग निराळा काढावा. तो तेथे कोणाचा नाही; निदान येथे त्याच्यासाठी काही साठत आहे, एवढी खात्री त्याला असली पाहिजे. ज्या मुलखाने त्याची वर्षे घेतली तो ती कधी मोजणार नाही. ती मोजण्याचे काम आपलेच आहे.